छोटी विमानं आणि हेलिकॉप्टरं का पडतात? आई-बाबांना केदारनाथला हेलिकॉप्टरने पाठवावं का?

बावधनची_लेक

नमस्कार मंडळी.

आई-बाबांचं केदारनाथ बरीच वर्षं राहून गेलंय. यंदा भाऊबीजेला मंदिराचं कपाट (दार) बंद व्हायच्या आत जायचंच, असं बाबांनी धरून ठेवलंय. बाबा एकाहत्तर वर्षांचे, उजवा गुडघा पार झिजलेला. गौरीकुंडापासूनची सोळा किलोमीटरची चढण त्यांना झेपणार नाही आणि घोड्यावर बसायला आई तयार नाही. दादाचं म्हणणं, हेलिकॉप्टरचं बुकिंग करून टाकू, काही मिनिटांत वर पोचतील.

माझा जीव इथेच अडकलाय. मी पुण्याजवळ बावधनला राहते. गेल्या वर्षी, २ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी आमच्या इथल्या डोंगरात हेलिकॉप्टर पडलं. दोन पायलट आणि एक इंजिनिअर गेले. त्या सकाळचं धुकं मी पाहिलंय, समोरच्या सोसायटीची टाकीसुद्धा दिसत नव्हती. त्याच्या महिनाभर आधी, २४ ऑगस्टला, मुंबईहून निघालेलं एक हेलिकॉप्टर भर पावसात पौडजवळ पडलं होतं. त्यातले चौघं वाचले. आणि यंदा, १५ जून २०२५ ला, केदारनाथहून खाली येणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ पडून सात जण गेले. त्यात आपल्या यवतमाळच्या वणीचं एक कुटुंब होतं, दोन वर्षांच्या मुलीसकट. ती बातमी वाचल्यापासून मी दादाला "थांब जरा" एवढंच म्हणतेय.

मला समजून घ्यायचंय. छोटी विमानं आणि हेलिकॉप्टरं का पडतात? मशीन जुनं असतं, देखभाल होत नाही, की पायलट चुकतो? दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर मिळालं तर धोका कमी होतो का? आणि आपण घरच्या माणसांनी नेमकं काय विचारायचं, काय बघायचं?

"नशिबात असेल तसं होईल" हे कृपया लिहू नका, घरी रोज ऐकतेय. या क्षेत्रातलं कुणी असेल तर सविस्तर लिहा.

---

धानोरी_निवृत्त

ताई, मी हवाई दलात हेलिकॉप्टरच्या देखभालीत नोकरी केली. चेतक आणि चीता ही माझी मशिनं. पायलटने मशीन ताब्यात घेण्याआधी एफ-७०० मध्ये, म्हणजे मशीनच्या देखभालीच्या नोंदवहीत, ज्यांच्या सह्या लागतात, त्यांतला मी एक. त्यामुळे देखभालीपासूनच सुरुवात करतो.

मशीन बिघडून अपघात होतात का? होतात. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तिघं गेले. स्वॉशप्लेट तुटली होती. पायलट हातातला दांडा हलवतो, ती हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवायचं काम ही स्वॉशप्लेट करते. ती तुटली की पायलट कितीही कसलेला असो, त्याच्या हातात काही उरत नाही. त्यानंतर देशभरातली ध्रुव हेलिकॉप्टरं उड्डाणाविना उभी करून ठेवली. असा अपघात झाला की आमच्यासारख्यांची झोप उडते. कुणाच्या तरी हाताखालून तो भाग गेलेला असतो.

पण गिअरबॉक्स किंवा इंजिन सहसा न सांगता दगा देत नाही. गिअरबॉक्सच्या तेलात एक चुंबकाचा प्लग असतो. आम्ही तो काढायचो, पांढऱ्या कापडावर पुसायचो आणि उजेडात धरून बघायचो. नुसती काळपट, मऊ बुकटी आली तर ती रोजची झीज. नखाला टोचेल असा चकचकीत कण निघाला, की आत दात नाहीतर बेअरिंग सोलायला लागलंय. मग ते मशीन त्या दिवशी उडत नाही, कुणाचाही फोन येऊ दे. हल्लीच्या मशिनांत असा कण आला की पायलटसमोर दिवाही लागतो. अशा प्रत्येक भागाचे ठरलेले तास असतात. तास भरले की भाग वरून कितीही ठणठणीत दिसला तरी काढायचा.

इंजिन बंद पडलं की पंखा थांबतो आणि सगळं संपतं, असा लोकांचा समज आहे. तसं नसतं. इंजिन गेलं तरी रोटर (वरचा फिरता पंखा) फिरत राहावा अशीच मधली जोडणी असते. पायलटने ताबडतोब डाव्या हाताचा दांडा खाली टाकला, की मशीन खाली येताना खालून घुसणारी हवा पाती फिरती ठेवते. जमिनीजवळ आल्यावर त्याच फिरण्यातला जोर वापरून मशीन अलगद टेकवता येतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि प्रत्येक हेलिकॉप्टर पायलट ते घोटून घोटून शिकतो. त्यासाठी हाताशी उंची हवी नाहीतर वेग हवा. उड्डाण घेताना किंवा उतरताना दोन्ही नसतं, आणि हिमालयातल्या दरीत तिसरी अडचण म्हणजे टेकायला सपाट जागाच नसते.

आता तुमच्या दोन इंजिनांच्या प्रश्नाकडे येतो. बावधनचं अगुस्ता १०९ दोन इंजिनांचं होतं. पौडचं एडब्ल्यू १३९ दोन इंजिनांचं. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत ज्यात होते ते एमआय-१७ दोन इंजिनांचं. २००९ साली आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी गेले ते बेल ४३० सुद्धा दोन इंजिनांचं, दोन पायलटांचं. दुसरं इंजिन असलेलं केव्हाही चांगलं, समुद्रावर तर हवंच. पण तुम्ही ज्या अपघातांना घाबरताय, त्यांतल्या बहुतेकांवर दुसरं इंजिन हा इलाजच नाही.

कुन्नूरच्या चौकशीत यांत्रिक बिघाड नव्हता असं स्पष्ट निघालं. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटचं दिशेचं भान सुटलं आणि व्यवस्थित चालणारं मशीन डोंगराला धडकलं. हवाई दलाचा निवडक पायलट होता तो.

दिशेचं भान सुटणं म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण "पायलट चुकला" एवढ्यावर लोक विषय सोडून देतात. आपल्याला तोल कळतो तो आतल्या कानात असलेल्या तीन बारीक नळ्यांमधल्या द्रवामुळे, आणि त्याहून जास्त डोळ्यांमुळे. हळूहळू होणारं वळण कानाला कळतच नाही. पुणे स्टेशनवर आपण गाडीत बसलेलो असतो, शेजारच्या फलाटावरची गाडी हलते आणि आपलीच सुटली असं क्षणभर वाटतं ना, तसं ढगात शिरलेल्या पायलटचं होतं. आपली खात्री होते खांबाकडे बघून. ढगात खांब नसतो. मशीन डावीकडे कललेलं असतं आणि शरीर शपथेवर सांगत असतं की सरळ आहे. अशा वेळी शरीराचं ऐकायचं नाही, समोरच्या घड्याळांचं, म्हणजे कल, उंची, वेग दाखवणाऱ्या तबकड्यांचं ऐकायचं. हे सरावाशिवाय जमत नाही, आणि सराव असला तरी बाहेरची नजर आत आणून घड्याळांवर स्थिरावायला काही सेकंद लागतात. त्यात हेलिकॉप्टर विमानासारखं स्वभावाने स्थिर नसतं. ऑटोपायलट नसेल तर ते सतत हातात धरून उडवावं लागतं.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. घड्याळांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना कृत्रिम ढगात घातलं. विसांपैकी एकालाही विमान सांभाळता आलं नाही. ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ निघाला १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

मग माणूस ढगात शिरतोच का? मला पोटतिडकीने सांगायचंय ते इथे आहे. २६ जानेवारी २०२० ला अमेरिकेत बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याची मुलगी आणि आणखी सात जण एस-७६ हेलिकॉप्टरमध्ये गेले. धुकं होतं. त्या दिवशी बऱ्याच जणांनी उड्डाणं थांबवली होती. चौकशी करणाऱ्यांनी सगळं तपासलं. ब्रायंटने किंवा कंपनीने पायलटवर दबाव टाकल्याचा पुरावा मिळाला नाही. दबाव पायलटने स्वतःच स्वतःवर घेतला होता. नेहमीचा प्रवासी, त्याला मुलीच्या सामन्याला पोचायचंय, निघालोय तर पोचवूच. परत फिरायची जागा मागे पडत गेली आणि तो पुढे जात राहिला.

आता केदारनाथच्या हेलिपॅडवरचा पायलट डोळ्यांसमोर आणा. एकटा. खाली रांगेत माणसं उभी, कुणी आठवडाभराची रजा टाकून आलेलं, कुणाची संध्याकाळची गाडी. पुढची फेरी ठरलेली, त्याच्या पुढचीही ठरलेली. समोरच्या दरीत ढग चढतोय, पण अजून एक फट दिसतेय. त्या फटीतून निघायचं की इंजिन बंद करून खाली उतरायचं, हे त्याला एकट्याला काही क्षणांत ठरवायचं असतं. १५ जूनचं हेलिकॉप्टर सकाळी साडेपाचच्या सुमाराला पडलं, तेव्हा दरीत ढग होते.

त्या दरीत एकदा शिरलं की वळायला जागा कमी. दोन्ही अंगांना भिंती. मैदानी मुलखात ढग आला तर बाजूने वळसा घेता येतो, किंवा एखाद्या शेतात उतरता येतं. शेतात उतरलेल्या पायलटला मी मनापासून नमस्कार करतो.

हवेचंही थोडं लिहितो. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ७० टक्केच दाट. पात्यांना पकडायला हवा कमी, इंजिनाला श्वास घ्यायला हवा कमी. पुण्यात जे हेलिकॉप्टर इतकी माणसं घेऊन सहज उठेल, ते तिथे तेवढी घेऊन उठणार नाही. चढत्या उन्हाने हवा आणखी पातळ होते. म्हणून तिथे प्रत्येक किलोचा हिशोब असतो आणि तो कागदावर नव्हे, काट्यावर व्हायला हवा.

आणि तारा. ८ मे २०२५ ला गंगोत्रीच्या वाटेवर गंगनानीजवळ एक हेलिकॉप्टर रस्त्यावर उतरायचा प्रयत्न करत होतं. प्राथमिक अहवाल सांगतो की रस्त्याच्या कडेने गेलेल्या केबलला त्याच्या मुख्य रोटरची पाती लागली. सहा जण गेले. २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यात निलंग्याला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांचं हेलिकॉप्टर उठल्या उठल्या तारांत अडकून खाली आलं. सगळे वाचले ही मोठी गोष्ट. तार वरून दिसतच नाही, खांब दिसतात. खांब दिसला की तार आहेच असं धरून उडायचं, हे पायलटला पहिल्यापासून शिकवलेलं असतं.

मोठं झालं उत्तर. काय विचारायचं ते उद्या लिहितो. औषधाची वेळ झाली.

---

उजवी_वळण_डावी_नजर

काकांनी हेलिकॉप्टरचं लिहिलं, मी छोट्या विमानांचं लिहिते. मी बारामतीला ट्रेनिंग केलं, आता टाइप रेटिंगच्या (ठरावीक जातीचं मोठं विमान उडवायच्या परवान्याच्या) तयारीत आहे. घर हडपसरला, ग्लायडिंग सेंटरच्या आवाजात वाढले. लहानपणी गच्चीवरून विंचने वर ओढलं जाणारं ग्लायडर बघायचे. इंजिनच नसलेलं विमान रोज सुखरूप उतरतं हे पाहिलेलं असल्यामुळे इंजिन बंद पडण्याची भीती मला पहिल्यापासून कमी.

बारामतीच्या आसपास ट्रेनिंगची विमानं पडल्याच्या बातम्या पुण्यातल्या प्रत्येक घरात पोचल्यात. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला सेसना १५२ शेतात आलं, एकटी उडवणारी मुलगी जखमी झाली पण वाचली. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच आठवड्यात रेडबर्ड या प्रशिक्षण संस्थेच्या विमानांचे दोन अपघात झाले आणि डीजीसीएने (नागरी उड्डाणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने) त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. तेव्हा माझी आई रोज सकाळी फोन करून "आज उडणारेस का" विचारायची.

या छोट्या विमानांची कारणं वेगळी असतात. पहिलं म्हणजे इंधन. सेसनात जे पेट्रोल लागतं त्याला निळा रंग दिलेला असतो. प्रत्येक उड्डाणाआधी पंखांखालच्या वाल्वमधून काचेच्या नळीत थोडं काढायचं आणि आकाशाकडे धरून बघायचं. रात्री टाकीत दमट हवेचं पाणी होतं, ते जड म्हणून तळाशी बसतं. नळीत निळ्याच्या खाली बिनरंगाचा गोल थेंब डुलताना दिसला की परत काढायचं, निव्वळ निळं येईपर्यंत. पावसाळ्यात बारामतीला हा थेंब बऱ्याचदा दिसतो. तो बघायचा कंटाळा केला तर तोच थेंब टेकऑफनंतर इंजिनात जातो, आणि तेव्हा तुमच्या खाली फक्त ऊस असतो.

दुसरं, कार्ब्युरेटरमधला (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातला) बर्फ. महाराष्ट्रात बर्फ म्हटल्यावर घरचे हसतात. पण बाहेर वीस अंश असताना, हवा दमट असेल, तर कार्ब्युरेटरच्या नळीत हवा पसरते, पेट्रोल उडून जातं आणि आतलं तापमान शून्याखाली जाऊ शकतं. आत बर्फ धरतो आणि इंजिन हळूहळू दम सोडतं. उपाय म्हणून एक नॉब असतो, तो ओढला की इंजिनाची गरम हवा आत येते. पॉवर कमी करून उतरायच्या आधी तो ओढायचा, एवढंच.

तिसरं सगळ्यांत वाईट. उतरताना धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना वारा मागून ढकलतो, विमान धावपट्टीची रेषा ओलांडून पुढे जातं, आणि शिकाऊ माणूस ते सावरायला आणखी आवळून वळतो. विमान जितकं कललेलं, तितका पंख तोलून धरायला जास्त वेग लागतो. उंची न सोडता साठ अंश कललं तर सुमारे एक्केचाळीस टक्के जास्त. वेग तर उतरायचा म्हणून आधीच कमी केलेला. पंखावरची हवा सुटते, एक पंख खाली जातो आणि सावरायला उंची नसते. यावर इलाज एकच, वळण चुकलं की थ्रॉटल पुढे करून वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. आमचे इन्स्ट्रक्टर गो-अराऊंड करणाऱ्याला सगळ्यांसमोर "शाबास" म्हणायचे. त्या एका सवयीमुळे ते माझ्या लेखी फार मोठे शिक्षक आहेत.

काकांचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. "नाही जमत, परत फिरते" म्हणणं शिकवावं लागतं.

---

यात्रा_सोबती_सदाशिव

मी बरीच वर्षं चारधामच्या सहलींबरोबर व्यवस्थापक म्हणून जातो. हेलिपॅडवर काय चालतं ते डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

फाटा नावाच्या गावातल्या हेलिपॅडवर वजनाचा काटा असतो. माणशी सामान दोन किलोपर्यंत. एकदा आमच्याच गटातल्या एका गृहस्थांनी काट्यावर चढायच्या आधी जॅकेट, त्याच्या खिशातली पॉवर बँक, पाण्याची बाटली, पूजेच्या तांब्याची पिशवी, सगळं बायकोच्या हातात दिलं. बायकोची पाळी आली तेव्हा तेच सगळं त्यांनी धरलं. दोघांचं वजन "बरोबर" आलं. मी त्यांना बाजूला घेऊन पुन्हा काट्यावर उभं केलं. चिडले माझ्यावर. पायलट त्या आकड्यावर विसंबून असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ढग आला, फेऱ्या थांबल्या, की आरडाओरडा सुरू होतो. "पैसे भरलेत", "आमच्या मागचे गेले कसे", "आत्ता तर दिसतंय की सगळं". काउंटरवरच्या पोराला शिव्या. कुणी मंत्र्याच्या पीएला फोन लावतं. पायलट दहा पावलांवर उभा असतो, त्याला सगळं ऐकू जातं. आपल्या पुण्या-मुंबईचे लोक यात मागे नाहीत, हे मला वाईट वाटून लिहावं लागतंय.

बावधनच्या ताई, सहल आखतानाच मोकळे दिवस ठेवा. निम्मी भांडणं परतीच्या तिकिटामुळे होतात. हरिद्वारहून दुसऱ्या दिवशीची गाडी असली की माणूस ढगाशी भांडतो.

---

बावधनची_लेक

तिघांचेही किती आभार मानू. काकांचं उत्तर मी दादाला, वहिनीला आणि बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी मध्येच थांबवून १७८ सेकंदांचा भाग परत वाचायला लावला.

मला वाटत होतं मशीन किती जुनं, कंपनी कुठली, एवढं विचारलं की झालं. आता लक्षात येतंय की आम्हीसुद्धा त्या रांगेतली माणसं असू. काका, "उद्या लिहितो" म्हणाला होतात, वाट बघतेय. आणि एक विचारते: बावधनसारख्या ठिकाणी, आपल्या घराजवळ, इतकं धुकं असताना हेलिकॉप्टर उडतंच कसं? त्याला कुणी अडवत नाही का?

---

धानोरी_निवृत्त

ताई, आधी तुमचा शेवटचा प्रश्न. लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर, कंट्रोल टॉवर आहे, रडार आहे, हवामानाचं कार्यालय आहे. एखाद्या खासगी हेलिपॅडवर बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. उड्डाणाची माहिती कळवलेली असते, परवानगीचा क्रमांकही घेतलेला असतो. पण त्या डोंगरात त्या घडीला किती दिसतंय, हे बघणारे डोळे पायलटचेच. पावसाळा संपता संपता आपल्याकडे रात्री आभाळ निवळतं, जमीन गार पडते, आणि मुळशीच्या बाजूला पाण्याची आणि भाताची ओल असतेच. पहाटे तिथे धुकं धरतं आणि लोहगावला स्वच्छ ऊन असू शकतं. म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल खरा असूनही बावधनला उपयोगाचा नसतो. हेच दरीदरीतून हिमालयात होतं. म्हणून तिथे खिंडीखिंडीत कॅमेरे आणि हवामान केंद्रं हवीत, निघण्याआधी पुढची दरी पडद्यावर दिसली पाहिजे, असं जाणकार सांगत आलेत. त्यावर होणारा खर्च मला तरी वायफळ वाटत नाही.

निवडणुकीच्या दिवसांत आपल्या गावोगावी हेलिपॅड होतात. शाळेच्या मैदानावर फक्कीने एच काढतात, टँकरने पाणी मारतात. ते पाणी मारणं फार महत्त्वाचं, कारण मैदान कोरडं राहिलं तर उतरताना पात्यांच्या वाऱ्याने धुरळा उठतो आणि जमीन अगदी टेकायच्या वेळी दिसेनाशी होते. ३ मे २०२४ ला महाडला उतरताना हेलिकॉप्टर कलंडलं, त्याच्या चित्रफितीत धुरळा किती उठला तो बघा. पायलट वाचला. नेत्यांच्या सभांना उशीर झाला की संध्याकाळी उजेड जाता जाता उड्डाणाचा आग्रह होतो. राजशेखर रेड्डींच्या वेळी हवा खराब होतीच, वर गिअरबॉक्सच्या तेलाच्या दाबाचा इशारा आला, आणि दोघं पायलट पुस्तकात उपाय शोधण्यात गुंतले. बाहेर काय वाढून ठेवलंय तिकडचं लक्ष उडालं. दोन अडचणी एकदम आल्या की माणूस हातातलीच सोडवत बसतो.

आता घरच्यांनी काय करायचं. सदाशिवरावांनी मोकळ्या दिवसांचं लिहिलं, ते सगळ्यांत आधी. खाली गुप्तकाशीला किंवा फाट्याला दोन दिवस जादा राहायचं आणि परतीचं तिकीट त्यानंतरचं काढायचं. तुमचा खर्च थोडा वाढेल. पण "आज नाही जमणार" हे ऐकायची तुमची तयारी असेल.

बुकिंग सरकारने ठरवलेल्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. हेलिपॅडवर कुणी "वेळेआधी सोडतो, जादा द्या" म्हणालं तर तिथून निघून या. वेळा कुणीतरी विचार करून ठरवलेल्या असतात.

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरलेला असतो, हवा बरीच स्वच्छ. सकाळच्या, ऊन दरीत पोचल्यानंतरच्या फेऱ्या चांगल्या. दुपारनंतर दऱ्यांमधून वारा चढतो, डोंगरमाथ्यांवर ढग जमतात. दुपारची फेरी मिळाली आणि वर ढग दिसायला लागले, तर बाबांनी स्वतः पुढे होऊन सांगावं, "आम्ही उद्या जाऊ, आम्हाला घाई नाही." हे पायलटच्या कानावर पडू द्या. वयस्कर माणसाने असं म्हटलं की मागच्या रांगेचाही आवाज खाली येतो.

बसताना मान खाली घालून, पुढच्या बाजूने, पायलटला दिसत राहू असं जायचं. मागच्या बाजूला अजिबात फिरकायचं नाही. मागचा छोटा रोटर फिरताना डोळ्यांना दिसत नाही. डोंगरउतारावर उभं असेल तर चढाच्या बाजूने जवळ जायचं नाही, कारण तिकडे मुख्य पाती डोक्याच्या उंचीला येतात. टोपी, ओढणी, गळ्यातला रुमाल आधीच काढून पिशवीत. आईंना पदर खोचून घ्यायला सांगा.

अपघाताच्या चौकशीबद्दलही लिहितो, कारण घरात चर्चा होणारच. देशात नागरी विमान-हेलिकॉप्टरांच्या अपघातांचे हे अहवाल एएआयबी नावाची स्वतंत्र संस्था करते आणि ते सगळ्यांना वाचायला खुले असतात. प्राथमिक अहवाल साधारण तीस दिवसांत येतो, त्यात फक्त काय घडलं ते असतं. का घडलं ते अंतिम अहवालात, त्याला वेळ लागतो. लहान विमान-हेलिकॉप्टरांत बऱ्याचदा ब्लॅक बॉक्स नसतो. मग पात्याच्या कडेवरचा ओरखडा, वाकलेला शाफ्ट, दिव्याच्या बल्बमधली तार ताणलेली आहे की तुटलेली, यावरून शोध घेतात. आदळताना बल्ब पेटलेला असेल तर गरम तार ताणली जाते, विझलेला असेल तर गार तार कडक तुटते. त्यावरून कळतं की धोक्याचा दिवा लागला होता की नाही. हे काम करणारे लोक रात्रंदिवस त्या लोखंडात बसलेले असतात. म्हणून टीव्हीवर त्याच संध्याकाळी कारण सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

---

उजवी_वळण_डावी_नजर

काका, बल्बचं आम्हाला वर्गात शिकवलं होतं, पण आदळतानाच्या गरम आणि गार तारेतला फरक इतका स्पष्ट आज कळला.

---

बावधनची_लेक

ठरलं. दादाने गुप्तकाशीचे दोन दिवस वाढवले, परतीची गाडी पुढे ढकलली. बाबा म्हणाले, वर ढग असेल तर मी खालूनच हात जोडीन. आईचं अजून पालखीवर मन आहे, ती तिथे गेल्यावर ठरवेल.

काका, शेवटचं विचारते. बुकिंगच्या वेळी दोघांचं वजन लिहायचंय. घरातल्या काट्यावर बाबा ७४ आणि आई ६१ भरली. तेच लिहू ना?

---

धानोरी_निवृत्त

नाही. दोघांनाही बूट, स्वेटर, जॅकेट, कानटोपी, जे घालून जाणार ते सगळं घालून, हातात पिशवी देऊन काट्यावर उभं करा आणि तो आकडा लिहा. वर गारठा असतो, कपड्यांचेच दोघांचे मिळून पाच-सहा किलो सहज होतात. बाबांच्या गुडघ्याचा पट्टा आणि काठीही त्यात धरा.